पुलापलीकडच्या गोळ्या

वेस्लाको, टेक्सास
३ ऑक्टोबर

लाडक्या मिर्तास,

तुझ्या माद्रिनेचा, धर्ममातेचा आशीर्वाद. बाप्तिस्म्याला तुला ज्या हातांनी धरलं ते आता थरथरतात, तेव्हा अक्षर समजून घे. तू आणि मुलं बरी असाल. तुमच्या मिनेसोटात म्हणे थंडी सुरूही झाली. आमच्याकडे ऊन अजून हटायला तयार नाही. तुझ्या आईच्या अंगणातलं संत्र्याचं झाड यंदा लगडलंय, आणि समोरच्या चेला बाईंनी तिसऱ्यांदा घर रंगवून घेतलंय, या वेळी पिस्त्याच्या रंगाचं. तुझी आई म्हणते, "बाईला नवरा बदलता येत नाही, म्हणून भिंती बदलते."

रविवारी फोनवर तू मला तीनदा विचारलंस, "माद्रिना, आईला नक्की काय होतंय?" आणि तीनही वेळा मी हवापाण्याचं बोलले. फोन कानाला लावला की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. म्हणून लिहायला बसले.

तर ऐक. ऑगस्टात खांबावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला तेव्हा तुझी आई, आमची देल्फिना, अंगणात कपडे वाळत घालत होती. त्या आवाजाची तिला भीती बसली ती बसलीच. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा-तीनदा, सकाळी अकराच्या सुमाराला नाहीतर दुपारी चारला, तिला दरदरून घाम सुटतो. हात गार पडतात. बोलणं अडखळतं. मला निन्फा म्हणून हाक मारते, आणि तुझी निन्फा मावशी जाऊन वीस वर्षं झाली. परवा फाटकाशी उभी राहून मला विचारलं, "बाई, हे घर कुणाचं?" मिर्ता, त्या वेळचे तिचे डोळे माझ्याने पाहवले नाहीत. मग मी धरून आत नेते, गोड पाव आणि कॉफी देते, आणि अर्ध्या तासात बाई पहिल्यासारखी. वर मलाच दटावते, "तोंड पाडून काय बसलीस, कोमाद्रे? मी काय मेले?" तुझ्या बाप्तिस्म्यापासून मी तिची कोमाद्रे, बहिणीहून जवळची.

भीतीवर जे करायचं ते सगळं केलं. तीन शुक्रवार तिच्या अंगावरून अंडं उतरवलं, प्रार्थना म्हटली, मग पेल्यात फोडलं तर पांढऱ्यात नुसते दोरे दोरे. म्हणजे भीती निघते आहे, पण पुरती निघत नाही. साखरेचा आजारही तिला तसाच लागला होता ना, तुझा भाऊ ट्रकखाली येता येता वाचला त्या वर्षी. भीती पोटात राहिली की रक्तात साखर होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

तू म्हणालीस की तीस तारखेला येणार, आईला तुझ्याजवळच्या त्या विसराळू म्हाताऱ्यांच्या घरात ठेवणार, आणि इथलं घर विकायला काढणार. तू मुलगी आहेस, तुझा हक्क आहे. तिला तू अजून सांगितलेलं नाहीस, म्हणून मीही गप्प आहे. पण मला धडकी भरली आहे. एकतीस वर्षं आम्ही शेजारी राहिलो. माझ्या लासारोने मधलं कुंपण कापून आम्हा दोघींना फाटक करून दिलं, आणि तो गेल्यापासूनच्या या दोन वर्षांत ते फाटक मी दिवसातून दहा वेळा उघडते. ती तिकडे बर्फात, एका खोलीत, परक्या बाईला विचारते आहे की हे घर कुणाचं, असं सारखं डोळ्यांपुढे येतं.

आई कोणकोणती औषधं घेते असंही तू विचारलंस. डॉक्टरांनी दिलेल्या पाच बाटल्या ओट्यावर आहेत. मी रोज समोर उभी राहून देते. बाकी निवडुंगाचा रस, तो तर लहानपणी तूही नाक दाबून प्यायली आहेस. एवढंच.

मुलांना माझे पापे दे.

तुझी माद्रिना,
एर्मिनिया


१२ ऑक्टोबर

प्रिय मिर्तास,

आशीर्वाद. तू पाठवलेले लोकरी मोजे मिळाले. इथे कुठे घालणार ते देव जाणे, पण देल्फिना ते घालून पंख्याखाली बसली होती, तुझ्या प्रेमाखातर.

काल आमच्या केंद्रात पिशवीचा दिवस होता. केंद्र म्हणजे तेच, जिथे सकाळी गाडी येऊन आम्हा म्हाताऱ्यांना नेते, आणि मग तिथे लोतेरियाचे, चित्रांचे पत्ते खेळवतात आणि बिनमिठाचं सूप वाढतात. यादिरा नावाची एक फार्मासिस्ट मुलगी येणार होती. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, मी एकेक पाहून सांगते, असा तिचा निरोप होता.

'सगळी' हा शब्द ऐकून आमच्या गाडीत जी धावपळ उडाली ती तू पाहायला हवी होतीस. म्हाताऱ्या एलिसेओंनी त्यांची इंजेक्शनं सीटखाली सरकवली. ओक्ताव्हिया बाईंनी सुनेच्या झोपेच्या गोळ्या मोज्यात खोचल्या. डॉक्टरांना काय दाखवायचं आणि काय नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. दाखवलं तर रागावतात, बंद करायला लावतात. पुलापलीकडे, सरहद्दीच्या त्या बाजूला, तसं नाही. नदी ओलांडायची, काउंटरवर औषधाचं नाव सांगायचं, ना चिठ्ठी ना ताटकळणं, आणि दुकानदार वर तब्येतीची चौकशी करतो.

आता तुला सांगूनच टाकते, म्हणजे मन हलकं होईल. माझ्या पर्समध्येही एक खोकं होतं. ते तुझ्या आईचं.

जुलैत डॉक्टरांच्या गोळीने तिची साखर उतरेना. दोनशेच्या खाली यायचं नावच नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे महिने पाहू. थोडे महिने! आमच्या वयाला महिने काय झाडाला लागतात? माझ्या कपाटात लासारोची खोकी उरली होती. गेलेल्या माणसाची औषधं आम्ही कधी टाकत नाही, ज्याला लागतील त्याला देतो. लासारोने सहा वर्षं त्या पांढऱ्या गोळ्या घेतल्या आणि त्याची साखर कशी ताब्यात होती हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. मी देल्फिनाला म्हटलं, "त्यांची गोळी चालू राहू दे. जोडीला ही आपली घे." लासारोच्या संपल्या तेव्हा पूल ओलांडून नव्या आणल्या. महिन्याभरात साखर खाली. डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली, आणि आम्ही दोघी घरी येऊन पोट दुखेपर्यंत हसलो. गल्लीत सगळे मला 'दवाखाना' म्हणतात, ते उगीच नाही.

यादिराने पाच बाटल्या पाहिल्या. साखरेची गोळी या वयाला जरा जड आहे म्हणाली, डॉक्टरांना कळवते म्हणाली. मग मान वर करून विचारलं, "आजी, याशिवाय आणखी काही? पलीकडून आणलेलं, कुणी दिलेलं? मी मुळीच रागावणार नाही." देल्फिनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काही नाही." पर्स माझ्या मांडीवर होती आणि तिच्यावर माझे दोन्ही हात.

पोरगी गोड होती. तिला खोटं सांगताना मला कसंसंच झालं. पण विचार कर, साधी साखरेची गोळी, तिचा आणि भीतीचा काय संबंध? लासारोने सहा वर्षं घेतलीच की. त्याला तिने काय झालं?

तरी कालपासून ती पर्स मी खुर्चीवर ठेवली आहे आणि तिच्याकडे पाठ करून बसते आहे.

तुझी माद्रिना,
एर्मिनिया


१८ ऑक्टोबर

मिर्ता,

फोनवर तुला मुख्य ते समजलं आहे. राहिलेलं लिहिते.

चौदा तारखेला अकरा वाजता मी गरम तोर्तिया घेऊन फाटकातून आले. हाक मारली, उत्तर नाही. आत गेले तर तुझी आई स्वयंपाकघरात जमिनीवर, शेगडी पेटलेली, वर रिकामं पातेलं. डोळे उघडे होते पण ती त्यांत नव्हती. जबडा आवळलेला. केस नुकती न्हाल्यासारखे ओले. असा घाम मी आधी एकदा पाहिला होता. ते जाऊ दे.

अँब्युलन्सवाल्यांनी बोटाला सुई टोचली आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं, "अडतीस." तो आकडा मी कधी ऐकलाच नव्हता. आम्ही आयुष्यभर साखर वर जायला भ्यालो, ती इतकी खाली जाते हे कुणाला माहीत? त्यांनी शिरेतून काहीतरी दिलं, आणि मी बघत असताना तुझी आई परत आली. पहिलं वाक्य, "माझ्या चपला कुठे?" मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सध्या काय काय घेतात?" मी पाच बाटल्या मांडल्या. "एवढंच?" मी म्हणाले, "एवढंच." मग त्यांनी विचार करून सांगितलं की बाई विसरतात आणि साखरेची गोळी पुन्हा पुन्हा घेत असाव्यात, त्या आता एकट्या राहण्याजोग्या नाहीत. तसं लिहूनही ठेवलं. तेच त्यांनी तुला फोनवर सांगितलं आणि तू रडत मला म्हणालीस, "बघ माद्रिना, मी म्हणत नव्हते?" मी हो म्हणाले.

मिर्ता, तिने कुठलीही गोळी विसरून दोनदा घेतलेली नाही. एवढं वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही. डॉक्टरीणबाईंच्या हातात पेन होतं, आणि एकदा तो कागद लिहून झाला की मी काय बोलणार, असं मी स्वतःलाच सांगत राहिले.

चार दिवस ती तिथे आहे आणि चार दिवसांत एकही झटका नाही. घाम नाही, निन्फा नाही. नर्सला पत्त्यांत हरवते. काल तिने मला आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरातली लग्नं सनावळीसकट सांगितली, चेला बाईंच्या पहिल्या, ठरून मोडलेल्या लग्नासकट. मला आनंद व्हायला हवा. मी तिच्या पलंगाशी बसते आणि दिवस मोजते. या चार दिवसांत तिला काय मिळालं नाही, हे मला माहीत आहे.

डॉक्टरांनी साखरेची बाटली साफ बंद केली आहे. उद्या घरी सोडतील. तुझं तिकीट निघाल्याचं कळलं.

एर्मिनिया


२५ ऑक्टोबर

मिर्ता,

आज हवापाणी नाही. सकाळी तुला फोन केला, तू उचलला नाहीस. एका परीने बरं झालं, मी पुन्हा भलतंच काहीतरी बोलले असते. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे, विमानात बसण्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून. पूर्ण वाच.

तुझी आई शनिवारी घरी आली. सोमवारी मला म्हणाली, "त्यांनी माझी बाटली काढून घेतली, साखर चढेल. आपली ती दे. दोन दे." आणि मी दिल्या. इस्पितळात जे कळलं होतं ते कळूनही दिल्या. का, ते पुढे सांगते. चार वाजता तिला घाम फुटला. "निन्फा, आईला सांग मी इथे आहे," म्हणायला लागली. मी संत्र्याचा रस पाजला, इस्पितळात शिकवलं होतं तसा, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत त्या ओट्याकडे पाहत राहिले. त्यावर आता साखरेची बाटली नव्हती. नव्याने कसली भीतीही बसली नव्हती. जे काही तिच्या पोटात गेलं होतं ते माझ्या हाताने गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी यादिराच्या दुकानात गेले. तिने वाचलं आणि काउंटरच्या मागून बाहेर येऊन मला खुर्चीवर बसवलं. पलीकडे याला ग्लिबेनक्लामिदा म्हणतात, इकडे ग्लायब्युराइड. नावं दोन आहेत, औषध एकच आहे. म्हणजे जुलैपासून तुझी आई त्याच औषधाचा डबल डोस घेत होती, आणि म्हातारपणी मूत्रपिंडं थकली की ते अंगातून लवकर निघतही नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"जुलैपासून. तू मला विचारलं होतंस. मी नाही म्हणाले."

ती रागावली नाही. म्हणाली, "आमच्या आजीच्या खणात काय काय निघालं, मी सांगत बसले तर संध्याकाळ होईल." मग विचारलं, "तुमच्या घरी आणखी कुणी घेतं का ही गोळी?"

मी म्हणाले, "आता कुणी नाही."

तिथून मी डॉक्टरांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी कागद बदलला आहे. म्हणाले, हे झटके विसरण्याच्या रोगाचे नव्हेत, साखर तळाला गेली की माणूस तसंच बोलतं. पुढच्या महिन्यात तिच्या स्मरणाची तपासणी नीट करतील. तोवर तिला कुठे हलवू नका, घर मोडू नका, असं त्यांनी तुझ्यासाठी लिहून दिलंय. तो कागद सोबत आहे. माझ्या कपाटातलं सगळं यादिराकडे पोचलं, दोन पिशव्या भरल्या.

राहिलं देल्फिनाला सांगायचं. ते काल केलं, तिच्या स्वयंपाकघरात. ती राजमा निवडत होती. खोकं, पर्स, इस्पितळातलं खोटं, सोमवारच्या दोन गोळ्या, सगळं सांगितलं. तुझं तीस तारखेचं येणंही सांगितलं, आणि ते का, तेही. तू रागावशील, पण आता मला काही लपवणं झेपत नाही.

ती निवडायची थांबली नाही. "म्हणजे मी भ्रमिष्ट झालेली नाही."

"नाही."

"आणि पोरगी मला वेड्यांच्या घरात टाकायला निघाली."

"विसराळूंच्या, कोमाद्रे. तिची चूक नाही. तिला मीच फसवलं."

"तू तर बोलूच नकोस. तुझ्यापेक्षा तुझं अंडं बरं, त्याने नुकसान तरी केलं नाही."

मला हसू आलं, कित्येक आठवड्यांनी. वाटलं, सुटले. ती हसली नाही. एक खडा बाजूला ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "एर्मिनिया, लासारोही क्लिनिकची गोळी घ्यायचा ना? आणि वर तू ही द्यायचीस?"

मी हो म्हणाले.

सहा वर्षं दिली, मिर्ता. आधी अर्धी, मग एक, शेवटच्या वर्षी दोन, कारण तो गोड खायचा आणि मी त्याच्याशी भांडून थकले होते. त्या फेब्रुवारीत सकाळी तो अंगणात खुर्चीवर बसला होता आणि म्हणाला, थंडी वाजते. सदरा घामाने भिजला होता. मला वाटलं ताप उतरतोय. मी पांघरूण घातलं. चहा केला आणि त्यात साखर घातली नाही, त्याची साखर वाढू नये म्हणून. भांडी घासून परत आले तेव्हा तो गेला होता. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. असेलही. यादिरा म्हणते, आता ते कुणीच सांगू शकणार नाही. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं.

मी गप्प का होते ते आता तुला कळलं असेल. तुझ्या रागाला मी भ्यायले नव्हते. तुझ्या आईला भीतीच बसलेली असली, तिचं डोकंच फिरलेलं असलं, तर माझा नवरा हृदयानेच गेला असं राहत होतं, माझ्या गोळ्यांनी नाही. म्हणून मी तिला भ्रमिष्ट ठरू दिलं. म्हणून सोमवारी त्या दोन गोळ्या दिल्या, की बघू, काही होत नाही, आणि मी सुटेन. तुझ्या आईचा जीव मी स्वतःच्या समाधानासाठी डावावर लावला. हे मी पाद्रीबाबांनाही अजून सांगितलेलं नाही.

तीस तारखेला ये. आईला भेटायला ये. मला भेटायचं नसेल तर मी फाटक उघडणार नाही, तू आहेस तोवर. पण तिला नेऊ नकोस. तुझ्या आईचं डोकं पुरतं ठिकाणावर आहे, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. दोन वर्षं मी स्वतःला जे विचारू दिलं नाही, ते तिने राजमा निवडता निवडता एका वाक्यात विचारलं.

एर्मिनिया